झिंक कमी, तांबं जास्त, साखर चढलेली: या अहवालाचं करायचं काय?

पत्र: माझं वय ४७. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. थायरॉइडची गोळी आहे आणि पित्तासाठी चार वर्षं रोज पँटोप्रॅझोल घेते. या वेळी एचबीए१सी ७.८ आला. घरच्या मीटरवर मात्र उपाशीपोटी ११० ते १२५ आणि जेवणानंतर दोन तासांनी १५० ते १७० दिसतं. ओळखीच्यांनी सुचवलं म्हणून रक्तातल्या खनिजांची तपासणी केली. रक्त घरी येऊन दुपारी चारला नेलं, त्या आठवड्यात मला ताप-खोकला होता. अहवाल असा: झिंक ६२ (कमी), तांबं १६८ (जास्त), मॅग्नेशियम १.६ (कमी), क्रोमियम ०.२ (कमी), सेलेनियम १३४ (ठीक), फेरिटिन ९ (कमी). ‘खनिजं कमी पडली म्हणून साखर वाढते’ असं सांगून मला कॅप्सूल दिल्या. दिवसाला दोन, एकीत झिंक ५० मिलिग्रॅम, क्रोमियम २०० आणि सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम. थायरॉइडच्या गोळीबरोबरच दीड महिना घेते आहे. पायांना मुंग्या येतात, वर्षभर पाळीत रक्त खूप जातं. कॅप्सूल चालू ठेवून मेटफॉर्मिन कमी करू का?

उत्तर: मेटफॉर्मिन कमी करू नका. कॅप्सूल मात्र आजच थांबवा, ती हळूहळू सोडायची गरज नाही. तुमच्या अहवालात सहा आकडे आहेत. त्यातल्या फेरिटिन आणि मॅग्नेशियम या दोनच आकड्यांवर काही करण्यासारखं आहे, आणि नेमकी लोह आणि मॅग्नेशियम हीच दोन खनिजं त्या कॅप्सूलमध्ये नाहीत.

सुरुवात फेरिटिनपासून करू, कारण तुमच्या ७.८ चं कोडं तिथेच आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा. प्रौढ माणसात तो १५ च्या खाली गेला की साठा संपला असं धरतात. ताप असताना फेरिटिन एरवीपेक्षा वर जातं, म्हणून आजारपणात ७० च्या खालचा आकडासुद्धा संशयास्पद मानतात. तुमचं ऐन तापात ९ आलं. म्हणजे यात शंकेला जागा नाही, लोह खरोखर संपलेलं आहे. पाळीत वर्षभर जाणारं रक्त हे त्याचं उघड कारण. त्यात पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातलं लोह शोषलं जायला ते आम्ल लागतं.

आता याचा साखरेशी संबंध. एचबीए१सी म्हणजे लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं प्रमाण. लोह कमी असताना नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला वेळही जास्त मिळालेला असतो. मग साखर तेवढीच असूनही एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. पडताळून पाहा: ७.८ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर साधारण १७७ असायला हवी. तुमच्या मीटरवर जेवणानंतरचा आकडाही १७० च्या वर जात नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असणं कठीण आहे.

कोणता खरा ते घरीच बऱ्यापैकी कळेल. सलग तीन दिवस, दिवसातून सात वेळा साखर मोजा: तिन्ही जेवणांच्या आधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि झोपताना. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा शंभरानेही फुगू शकतो. एकवीस आकड्यांची सरासरी १४० च्या आसपास आली तर ७.८ वर औषध वाढवण्याची घाई नको. डॉक्टरांना फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारा. ती गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. लोहाची गोळी सुरू केली की नव्या पेशी येतात आणि साखर तसूभरही न बदलता एचबीए१सी खाली येतो. त्या काळात दुसरी कोणतीही कॅप्सूल चालू असती तर सगळं श्रेय तिलाच गेलं असतं. अशा कॅप्सूलच्या बऱ्याच ‘अनुभवां’मागे हाच हिशेब असणार.

लोह किती आणि कसं? हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्ततपासणी करून मात्रा डॉक्टर ठरवतील. साधारणपणे ६० ते ६५ मिलिग्रॅम शुद्ध लोह असलेली एक गोळी पुरते, आणि ती एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. कारण एका मात्रेनंतर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते पुढचा जवळजवळ दिवसभर लोहाची वाट अडवून धरतं. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर घ्या. चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपास नको. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. महिन्याने हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर गोळी नीट घेतली जात नाही, शोषली जात नाही, किंवा रक्त अजून तेवढंच जातं आहे. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. बहुतेकजण नेमकी इथे गोळी सोडतात. आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं टाळू नका. टाकीला भोक असेल तर वरून पाणी ओतून किती ओतणार?

लोहाची गोळी मधुमेहात कुणीही मनाने घेऊ नये, हेही इथेच सांगायला हवं. लोह जास्त झालं तर ते स्वादुपिंडात साचून मधुमेह होतो. हेमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात तसं घडतं, त्वचेचा रंग तांबूस-करडा होतो म्हणून त्याला ‘ब्राँझ डायबेटिस’ म्हणत. फेरिटिन शेकड्यांत आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे) ४५ टक्क्यांच्या वर असेल तर त्याचा शोध घ्यावा लागतो. नुसतं फेरिटिन वाढलेलं असेल तर बहुधा फॅटी लिव्हर किंवा कुठली तरी दाह-सूज निघते.

आता मॅग्नेशियम. ते काटेकोर अर्थाने सूक्ष्म खनिज नाही, कारण सूक्ष्म म्हणजे ज्यांची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्या आत आहे ती. पण मधुमेहात सगळ्यांत जास्त वेळा खरोखर कमी सापडतं ते हेच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते आणि पाण्याबरोबर मॅग्नेशियम आणि झिंकही जातं. म्हणजे साखर वाढली म्हणून खनिज घटलं, हा क्रम आधी आहे. उलटी बाजूही आहे, पण ती दुसरी: इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन बसल्यावर आत जो निरोप जातो, त्याला मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की इन्सुलिन असूनही काम मंदावतं. हे चक्र तोडायला साखर आटोक्यात आणणं हाच पहिला उपाय, गोळी दुसरा.

तुमच्या बाबतीत तिसरं कारण समोरच आहे. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या जातीच्या गोळ्या वर्षभराहून जास्त चालल्या की काहीजणांचं मॅग्नेशियम खाली जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथाई लोकांत नुसत्या मॅग्नेशियमने भागलं नाही, पित्ताची गोळी थांबवावी लागली. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ही गोळी मला अजून लागते का? मूळ कारण संपलेलं असेल तर मात्रा निम्मी करून, मग एक दिवसाआड, असं करत काही आठवड्यांत उतरा. एकदम सोडली तर आम्ल उसळतं, काही काळ छाती जळते, आणि मग ‘मला ही गोळी जन्मभर लागणार’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

रक्तातलं १.६ हे थोडंसंच कमी आहे (नेहमीची पातळी १.७ ते २.२ मिलिग्रॅम), पण शरीरातल्या २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं. बाकीचं हाडांत आणि पेशींत. रक्तातली पातळी टिकवायला शरीर आतला साठा झिजवतं, म्हणून आकडा जरासा घसरला तरी आतली तूट मोठी असू शकते. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी पाहा. मूत्रपिंडं कमजोर असतील, विशेषतः ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात तो आकडा) ३० च्या खाली असेल, तर मॅग्नेशियम बाहेर टाकलं जात नाही आणि तीच गोळी धोक्याची ठरते. त्याच वेळी पोटॅशियम आणि कॅल्शियमही मोजून घ्या, मॅग्नेशियम कमी असताना ती दोन्ही घसरतात आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय वर येत नाहीत.

डबीवरचा आकडा वाचताना फसू नका. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिलिग्रॅम’ यात शुद्ध मॅग्नेशियम सुमारे २४०. ‘मॅग्नेशियम सायट्रेट ४००’ यात जेमतेम ६५. ऑक्साइडमध्ये भरणा जास्त, पण शोषण कमी आणि जुलाबांची शक्यता अधिक. सायट्रेट चांगलं शोषलं जातं. हिशेब शुद्ध मॅग्नेशियमचा करा: दिवसाला २०० ते ३००, दोन भागांत, जेवणाबरोबर. पोट बिघडलं तर मात्रा निम्मी करा. मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, त्यामुळे दोन्हीत एकदम बदल करू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. जेवणातून हवं असेल तर मूठभर भोपळ्याच्या बिया (२८ ग्रॅम) सुमारे १५० मिलिग्रॅम देतात, तेवढेच बदाम ८०. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या आणि पॉलिश न केलेलं धान्य यांतूनही बरंच मिळतं.

झिंक आणि तांबं यांचा विचार एकत्र करायचा. संसर्ग झाला की शरीर रक्तातलं झिंक यकृतात ओढून घेतं आणि तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन जास्त तयार करतं. परिणाम काय? झिंक कमी, तांबं जास्त. तुमचा अहवाल हुबेहूब तसा आहे, म्हणजे तो तापाचा अहवाल आहे. (तांबं गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणातही असंच वाढलेलं दिसतं.) त्यावर दुपारची वेळ. झिंक सकाळी उपाशीपोटी सर्वांत जास्त असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. तुमचं ६२ सकाळी नऊला, निरोगी आठवड्यात, ७० च्या वर निघालं असतं तर नवल वाटू नये.

परत मोजायचंच असेल तर ताप जाऊन तीन आठवडे होऊ द्या. कॅप्सूल बंद होऊन काही दिवस गेलेले असावेत. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्या. सूक्ष्म खनिजांसाठी गडद निळ्या झाकणाची खास नळी असते, तीच वापरा असं सांगा. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरतं. रक्त लवकर यंत्रात फिरवून सीरम (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) वेगळं केलं पाहिजे, कारण लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं झिंक मिसळून आकडा फुगतो. सीरम गुलाबी दिसत असेल तर तो नमुना टाकून द्यायचा. सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातली दाह-सूज दाखवणारी तपासणी) करा: झिंक बहुतांशी अल्ब्युमिनला धरून असतं, आणि सीआरपी वाढलेला असेल तर कमी झिंकचा अर्थ लावताच येत नाही. इतकं करूनही कमी आलं तर दोन-तीन महिने १५ ते २५ मिलिग्रॅम पुरे.

‘झिंक म्हणजे इन्सुलिनचं खनिज’ ही जाहिरात खोटी नाही, अर्धवट आहे. स्वादुपिंडाच्या पेशीत इन्सुलिनचे सहा रेणू झिंकच्या दोन अणूंभोवती जुडी बांधून साठवलेले असतात. १९३४ मध्ये स्कॉट या संशोधकांनी इन्सुलिनचे स्फटिक तयार व्हायला झिंक लागतं हे दाखवलं. पण पुढे २०१४ मध्ये उलट काहीतरी सापडलं. त्या साठ्यात झिंक नेणाऱ्या वाहकाचं जनुक (एसएलसी३०ए८) ज्यांच्यात दोन प्रतींपैकी एका प्रतीत निकामी असतं, त्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी निघाला. तेव्हा ‘झिंक ओता, इन्सुलिन वाढेल’ इतकं हे सरळ नाही.

आणि तुम्ही ओतत होता ते दिवसाला १०० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी अन्न आणि गोळ्या मिळून ४० ही वरची मर्यादा धरतात. जास्त झिंकमुळे आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन तयार करतात. ते तांब्याला घट्ट पकडतं, त्या पेशी गळून पडल्या की तांबंही शौचावाटे जातं. काही महिन्यांत तांबं खरोखर कमी होतं. त्याने रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, चाल डळमळते. मधुमेह असलेल्या माणसाला मुंग्या आल्या की सगळे नसांचा मधुमेही विकार म्हणून मोकळे होतात, झिंकची डबी कुणी पाहत नाही. दीड महिन्यात एवढं होण्याची शक्यता कमी, पण पुढच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर नजर टाका.

तुमच्या मुंग्यांसाठी मला जास्त संशय बी१२ चा आहे. खनिज नाही ते, पण सहा वर्षं मेटफॉर्मिन आणि चार वर्षं पित्ताची गोळी ही दोन्ही बी१२ कमी करणारी औषधं आहेत. ही तपासणी त्या खनिजांच्या यादीच्या आधी व्हायला हवी होती. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. डॉक्टरांकडून पायाची मोनोफिलामेंट (बारीक दोऱ्याने स्पर्शाची) आणि ट्यूनिंग फोर्कची (कंपनाची) तपासणीही करून घ्या.

क्रोमियमची कहाणी मोठी आहे, तुमच्या उपयोगाची थोडी. १९५७ मध्ये श्वार्झ आणि मेर्ट्झ या संशोधकांनी उंदरांत साखर पचवायला मदत करणारा एक घटक मांडला, तो क्रोमियम असल्याचं पुढे सांगितलं गेलं. १९७७ मध्ये कित्येक वर्षं फक्त शिरेतून पोषण घेणाऱ्या एका स्त्रीची वाढलेली साखर क्रोमियम दिल्यावर सुधारल्याची नोंद झाली. १९९७ मध्ये चीनमधल्या १८० रुग्णांच्या चाचणीत एचबीए१सी उतरला. त्यानंतरच्या चाचण्यांत निकाल कधी असा, कधी तसा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये क्रोमियम आवश्यक असल्याचाच पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. रक्ततपासणीचं म्हणाल तर ती या कामाची नाही. जुन्या काळचे ‘नॉर्मल’ आकडे आजच्या शेकडो पटींनी जास्त होते, कारण मोजला जात होता तो सुईच्या आणि भांड्यांच्या पोलादातून आलेला क्रोमियम. नमुना स्वच्छ घेतला तर निरोगी माणसाचा आकडाही लिटरला ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅमच्या घरात असतो. तुमचा ०.२ आहे. त्यापुढची ‘कमी’ची खूण खोडून टाका.

सेलेनियममध्ये तर घेऊ नका असंच सांगावं लागतं. कर्करोग टाळण्यासाठी रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलेल्या एका अमेरिकी चाचणीचा मधुमेहाच्या अंगाने हिशेब २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ७.७ वर्षांत सेलेनियमच्या गटात ५८ जणांना नवा मधुमेह झाला, नकली गोळीच्या गटात ३९ जणांना, आणि दोन्ही गट जवळजवळ सारखेच, सहाशेच्या आसपास होते. ज्यांचं सेलेनियम आधीच १२१ च्या वर होतं त्यांच्यात फरक सर्वांत ठळक. तुमचं १३४ होतं आणि मात्रा तीच, २००.

शेवटी गोळ्यांच्या वेळा, कारण इथेच घोटाळा होतो. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, मग अर्धा ते एक तास काही नाही. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांपैकी काहीही तिच्यापासून चार तास लांब. क्रोमियम पिकोलिनेट या रूपातल्या क्रोमियमनेही तिचं शोषण कमी होतं, आणि तुम्ही दीड महिना क्रोमियमची कॅप्सूल आणि ती एकत्र घेतली. तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, पण कॅप्सूल बंद करून सहा आठवडे झाल्यावर. थायरॉइड कमी पडलं तर पाळीतला रक्तस्रावही वाढतो, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना तो अहवाल बरोबर न्या. लोह दुपारी, मॅग्नेशियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर असं बसवलंत तर थायरॉइडच्या गोळीशी काही आदळत नाही. ज्या दिवशी लोह आहे त्या दिवशी दुपारचं मॅग्नेशियम सकाळच्या गोळीपासून चार तास सोडून कुठेही सरकवा, लोहापासून दोन तास दूर. एखाद्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर ते दिवस ही दोन्ही खनिजं बंद ठेवलेली बरी.

पुढचा एचबीए१सी तीन महिन्यांनी होईल तेव्हा सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करा आणि आधीच्या आठवड्यातले मीटरचे आकडे त्याच कागदावर लिहून न्या. मेटफॉर्मिनबद्दलचा तुमचा प्रश्न डॉक्टरांना त्या दिवशी विचारा, तोवर रोजच्या दोन गोळ्या चालू द्या.